तामस्करांची बोट

गुणवंतने बोटीच्या मागच्या फळीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ दोनदा आपटली, कान लावला, मग चार बोटं बाजूला सरकून पुन्हा आपटली. पहिल्या ठिकाणी टणक आवाज आला होता. इथे ओल्या पोत्यावर मारावं तसा आला.

"सडली, तामस्करजी," तो म्हणाला. "वरून फायबर दिसते, पण आतमध्ये प्लायवुड आहे. त्यात पाणी गेलं. किती वर्षं पिऊन राहिली असंल कोणास ठाऊक."

"पूर्ण सडली?"

"आर्ध्याच्या वर. कापावीच लागंल." त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "पण आधी एक सांगा. इंजिन कोणतं बसवणार?"

चिंतामणी तामस्कर अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठून बोटीपाशी आले. "इंजिनाचं मग पाहू. आधी बोट तर होऊ दे."

"उलटं आहे ते. मागे टांगायचं पेट्रोल इंजिन असंल, तर ही फळी दुप्पट मजबूत पाहिजे. डिझेल असंल तर बुडाला भोक पाडून दांडा बाहेर काढायचा, आत लाकडाची बैठक बांधायची. बॅटरीवालं असंल तर बॅटऱ्यांचं वजन कुठे ठेवायचं ते पाहायचं. इंजिन ठरल्याशिवाय बोट होत नाही."

गुणवंत ढोमणेचं जबलपुरातल्या कांचघर भागात, चौकात पंपदुरुस्तीचं दुकान होतं. बोलणं त्याचं कधी पाल्हाळिक नसे, आणि आताही तो बरोबरच बोलत होता. तामस्करांना त्याच्या प्रश्नाचं उत्तरही ठाऊक होतं. फक्त ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"चलो, करा विचार. तवर फळी कापा."

संरक्षण खात्याच्या कारखान्यात तामस्करांनी छत्तीस वर्षं काढली होती. फिटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. लोखंडाशी त्यांची ओळख पक्की होती, फायबरशी अजिबात नव्हती. पण गेल्या जानेवारीत कुणाच्या तरी वास्तुशांतीला म्हणून ते बरगीला गेले, आणि परतताना तिथल्या नर्मदेवरच्या धरणाच्या काठाजवळ बाभळीखाली पालथी पडलेली ही सोळा फुटी बोट त्यांना दिसली. सहलीची माणसं फिरवणाऱ्या एका ठेकेदाराने ती केव्हाच टाकून दिली होती. बुडाला फोड आले होते, रंगाचे पापुद्रे निघाले होते आणि एका कडेला शेळ्या बसत होत्या. तामस्करांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात फिरवला आणि आठ दिवसांनी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन ते परत गेले.

ती अंगणात घेण्यासाठी फाटक बिजागरीतून काढावं लागलं. शेजारचे लोक बाहेर येऊन उभे राहिले. हातगाडीवरून भाजी विकणारा हसून म्हणाला, "कांचघर में कांच की नाव." ते वाक्य गल्लीत दोन महिने फिरलं. तामस्करांनी ते मनावर घेतलं नाही. खरं तर कुणी काही बोललं, याचंच त्यांना बरं वाटलं होतं.

कारण घरात बोलायला कुणी नव्हतं. शैलजा, त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेली होती. आलोकला मुलगी झाली, सुनेची नोकरी होती, तेव्हा सहा महिने जाऊन येते म्हणाली. जाताना तिने लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली, दूधवाल्याचं सांगितलं, तुळशीचं सांगितलं. सहा महिन्यांचे नऊ झाले. मग यशश्रीचं पाळणाघर, मग सुनेची बदली, मग यशश्रीची शाळा. दर वेळी कारण खरं असायचं. भांडण झालं नव्हतं, कुणी कुणाला टाकलं नव्हतं. दर रविवारी सकाळी दहाला फोनवर तिचा चेहरा दिसायचा, मागे आलोकच्या घराची पांढरी भिंत असायची. यशश्री "आबा, हाय" म्हणून पळून जायची. मग जेवलात का, औषध घेतलं का, इकडे ऊन फार आहे, तिकडे पाऊस आहे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली होती. आधी शैलजा फोनवर विचारायची, "काय करून राहिले?" अलीकडे ती विचारायची, "काय करताय?" जबलपुरातल्या मराठी घरांत बोलतात तशी मराठी तिच्या तोंडून हळूहळू निघून गेली होती. त्यांनी ते तिला कधी सांगितलं नाही. पण पहिल्यांदा "काय करताय" ऐकलं, त्या दिवशी फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खुर्चीतून उठले नव्हते.

इंजिनाचं जे उत्तर गुणवंतला सांगता आलं नाही, ते शैलजाबद्दलचं होतं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. ते दोघं नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले होते आणि पलीकडच्या काठापर्यंत एका डिझेलच्या नावेत बसले होते. इंजिन असं काही धडधडत होतं की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नदीच्या मध्यावर शैलजा एकदम नावाड्याला म्हणाली, "भैया, थोड़ी देर बंद कर दो ना." त्याने इंजिन बंद केलं. नाव आपली आपण वाहू लागली. शैलजाने हात पाण्यात सोडला आणि ती बोलू लागली. सागर गावातल्या माहेराबद्दल, वडिलांबद्दल, आणखी कशाकशाबद्दल. अर्धा तास बोलत होती. त्यानंतर पस्तीस वर्षांत ती तशी बोलल्याचं तामस्करांना आठवत नव्हतं. घरी सतत कसला ना कसला आवाज असायचा. कारखान्याचा भोंगा, स्कूटर, कुकर, टीव्ही. आणि त्यांचा स्वतःचाही आवाज चढा असे, कारण मशीनशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान जवळपास गेला होता.

मोबाइलवर त्यांनी एक चित्रफीत पाहिली होती. कुठल्याशा तळ्यावर बॅटरीच्या मोटरवर चालणारी बोट होती आणि पाण्याची चुळचुळ सोडली तर दुसरा आवाज नव्हता. ती त्यांनी वीसेक वेळा तरी पाहिली असेल. शैलजा आली की तिला बरगीला न्यायचं, बोटीत बसवायचं आणि पाण्याच्या मध्यावर जायचं. बस, एवढंच ठरलं होतं. हे पंपाच्या मिस्त्रीला काय सांगणार?

मार्च संपता संपता त्यांनी फळी कापली. आतलं प्लायवुड काळं पडलं होतं, चमच्याने निघत होतं. तळाखालचा फोम पिळला तर पाणी गळायचं. तो सगळा त्यांनी काढला आणि उन्हात पसरून ठेवला. अंगण एखाद्या मेलेल्या मोठ्या जनावराची आतडी काढून ठेवल्यासारखं दिसायला लागलं. मग बुडाचे फोड घासायला घेतले. ग्राइंडर लावला की फायबरची बारीक पूड उडायची आणि कॉलरमधून, मोज्यांमधून आत शिरायची. रात्री अंगभर खाज सुटे. कुणी पाठीला तेल लावून देणारं नव्हतं, म्हणून ते भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासायचे.

मे महिन्यात जबलपूरच्या उन्हाने राळ काही धड लावू दिली नाही. हार्डनर घालून फायबरची चटई बसवेपर्यंत ती मगातच घट्ट व्हायची. एकदा तर मगातून धूर निघाला आणि तळ वितळून राळ फरशीवर सांडली. तेव्हापासून ते सकाळी साडेपाचला उठून काम करू लागले. आठला ऊन अंगणात आलं की आवरायचं, आंघोळ करायची, भात-वरण लावायचं आणि पडून राहायचं. कधी कधी संध्याकाळी दूधवाला आला आणि "आधा लीटर" म्हणताना घसा घोगरा लागला की त्यांना कळायचं, आज सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नाही.

पण बोट होत होती. जुन्या रंगाचे तीन थर निघाले. कापलेल्या फळीच्या जागी नवं प्लायवुड बसलं, त्यावर फायबरचे चार थर चढले. इंजिन कोणतं ते सांगायचं नसल्यामुळे फळी त्यांनी कुठलंही इंजिन पेलेल इतकी जाड केली. गुणवंतने येऊन पुन्हा मूठ आपटून पाहिली. सगळीकडून एकसारखा टणक आवाज आला.

"हात बसला तुमचा," तो म्हणाला. "आता तरी बोला."

"बॅटरीचं घ्यावं म्हणतो."

गुणवंतने फळीवरून हात फिरवला. "अच्छा. तळ्यासाठी ठीक आहे. बरगीचं पाणी तळ्यासारखं नाही. दुपारून वारा सुटला की लाटा येतात. मध्येच बॅटरी संपली तर काय करणार, वल्ही मारणार? या वयात?"

"लांब जायचंच नाही."

"मग एवढी मोठी बोट काहून केली?" त्याने विचारलं. तामस्कर ग्राइंडरची वायर गुंडाळू लागले, तेव्हा तोच म्हणाला, "पावसाळा जाऊ द्या. एकदा बरगीला जाऊ, तिथल्या नावा पाहू. मग तुम्हाला जे बसवायचं ते बसवा."

पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली झाकून राहिली. सप्टेंबरच्या शेवटी आभाळ उघडलं तसे दोघं बसने बरगीला गेले. धरण काठोकाठ भरलं होतं. पाणी इतकं पसरलं होतं की पलीकडचा किनारा बोटाएवढ्या हिरव्या पट्टीसारखा दिसत होता.

काठावरच्या एका दगडावर चाळिशीतली बाई बसली होती. निळ्या काठाची साडी, पायात प्लास्टिकच्या चपला, शेजारी पट्ट्याचा निळा डबा. गुणवंत काठावरच्या एका नावेचं इंजिन वाकून पाहत होता आणि तामस्करांना समजावून सांगत होता. ती बाई मान वळवून ऐकत राहिली, आणि मग उठून जवळ आली.

"तुम्ही मराठी बोलून राहिले," ती म्हणाली. "मी पांढुर्ण्याची. पुष्पा नाव माझं. इथल्या उपकेंद्रात नर्स आहे. इकडे कोणी मराठी बोलत नाही हो. आईसंग फोनवर बोलते तेवढंच."

तामस्करांनी आपलं नाव सांगितलं. "कोणाची वाट पाहून राहिल्या?"

"नावेची. बर्मन भैया नवाला येतो म्हणले होते. साडेअकरा झाले. जाळ्यात मासोळी लागली असंल. त्यांचं पोट आहे ते, मी काय म्हणू." तिने डब्यावर हात ठेवला. "यात लसी आहेत. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकते. त्याच्या आत पलीकडे जाऊन, लेकरांना टोचून वापस यायचं. नाव नाही आली तर डबा तसाच वापस."

"रस्ता नाही का?"

"आहे ना. साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा. शेवटले सात पायी. पावसाळ्यात तेही नाही." ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "मागच्या महिन्यात बाया लेकरं घेऊन सकाळपासून त्या काठावर बसल्या होत्या. मले इथून दिसत होत्या. लुगड्यांचे लाल-पिवळे ठिपके. मी इकडे डबा घेऊन, त्या तिकडे लेकरं घेऊन. चार वाजता त्या उठून गेल्या, तेही दिसलं."

ती तक्रार करत नव्हती. हवापाण्याचं सांगावं तसं सांगत होती.

गुणवंतला राहवलं नाही. "तामस्करजींची बोट होऊन राहिली आहे. फायबरची, सोळा फूट. पाहण्यासारखी केली."

पुष्पाने तामस्करांकडे पाहिलं. "अच्छा? कधी होईल?"

"होईल दोन-एक महिन्यांत," तामस्कर म्हणाले. आणि मग त्यांना वाटलं की पुढचंही सांगायला हवं. "पण ती घरची आहे. घरच्यांसाठी."

"अच्छा," पुष्पा म्हणाली. तिने मान हलवली आणि ती पुन्हा दगडावर जाऊन बसली.

त्या एका शब्दात काहीच नव्हतं. तरी बसमध्ये तामस्करांना तो टोचत राहिला. गुणवंत शेजारी बसून डिझेल इंजिनाचे गुण सांगत होता. आवाज आहे, धूर आहे, मान्य. पण बिघडलं तर शेतातल्या पंपाचा कुठलाही मिस्त्री ते उघडतो. पेट्रोलच्या इंजिनाचा सुटा भाग मागवायचा तर महिना जातो, आणि बॅटरीचं तर इथे कुणी झाकणही उघडणार नाही. तामस्कर खिडकीबाहेर पाहत होते. तिन्हींतलं काय बसवायचं हे त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं.

रविवारी फोन आला. शैलजाने केस बारीक कापले होते. तामस्करांनी ते पाहिलं, पण त्याबद्दल बोलायचं सुचलं नाही. त्यांना आज दुसरंच सांगायचं होतं.

"बोट होत आली," ते म्हणाले. "आता मोटर घ्यायची आहे. बॅटरीची घेऊन राहिलो. तिला आवाज नसतो. अजिबात नाही."

"बरं," ती हसून म्हणाली. "तुमचं काम चाललंय ते चांगलं आहे. वेळ जातो."

"दिवाळीला ये. बरगीला जाऊ. पाणी छान आहे. तुला आवाज आवडत नाही ना, म्हणून ही मोटर. तुला आठवते का, ग्वारीघाटला आपण नावेत बसलो होतो? तू ते इंजिन बंद करायला लावलं होतं."

मागच्या पांढऱ्या भिंतीपाशी कुणीतरी आलं, तर शैलजाने हात करून त्याला जायला सांगितलं आणि ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला.

"आठवतं," ती म्हणाली. "मी तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं, ते तुम्हाला आठवतं का?"

तामस्करांनी आठवून पाहिलं. पाणी आठवलं, तिचा हात आठवला, हिरव्या बांगड्या आठवल्या. नावाड्याने बिडी पेटवली होती तेही आठवलं.

"सागरचं काहीतरी," ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं की मी तीन वर्षं गाणं शिकले. लग्न ठरलं म्हणून सुटलं. जबलपुरात कुणी शिकवणारं असेल तर मला पुन्हा सुरू करायचं आहे, असं म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणालात. मग नाव काठाला लागली." तिचा आवाज चढला नव्हता. "मी वर्षभर वाट पाहिली की तुम्ही विषय काढाल. मग सोडून दिलं. तुमचीही चूक नाही, मीसुद्धा परत बोलले नाही. पण इथे मी क्लासला जाते. मागच्या जूनपासून. आठवड्यातून तीन दिवस. आम्ही सात-आठ बायका आहोत."

"तू सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

शैलजाने फोन दुसऱ्या हातात घेतला. मग शैलजा म्हणाली, "मी आता तिकडे येणार नाही. दिवाळीला आले तर चार दिवस येईन, पण राहायला नाही. हे मला कधीपासून सांगायचं होतं, जमत नव्हतं. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्हीच या ना इथे. आलोकही म्हणतो."

"मी काय करू तिथे?"

"मी तिथे काय करत होते?" ती म्हणाली.

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. औषधाचं विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठ दिवस त्यांनी ताडपत्री काढली नाही. सकाळी साडेपाचला जाग यायची, पण ते पडून राहायचे. तिने सांगितलेलं ते पुन्हा पुन्हा आठवायचा प्रयत्न करत. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या अर्ध्या तासातलं तिचं एखादं तरी वाक्य तिच्या आवाजात ऐकू यावं असं त्यांना वाटे. आलं नाही. शांतता तेवढी त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यात कोण काय बोललं, ते ठेवलंच नव्हतं.

नवव्या दिवशी ते चौकात गेले. गुणवंत एका पंपाचं चाक ठोकत होता.

"डिझेल बसवू," तामस्कर म्हणाले.

गुणवंतने हातोडी खाली ठेवली. "पक्कं? बुडाला भोक पाडावं लागंल. मग वापस येता येत नाही."

"पक्कं."

"आणि आवाज?"

"असू दे. बिघडलं तर कोणीही दुरुस्त करेल असं पाहिजे."

गुणवंतने आतून चहा मागवला. घरचे येणार नाहीत का, हे त्याने विचारलं नाही. तामस्करांना त्याचा हा स्वभाव आवडायचा.

भोक पाडण्याचा दिवस आला. सहा महिने खपून त्यांनी ज्या बुडात टाचणीएवढी फट राहू दिली नव्हती, तिथेच आता मुठीएवढं भोक पाडायचं होतं. पेन्सिलने गोल आखला. गुणवंत म्हणाला, "मी करू का?" तामस्करांनी नकारार्थी मान हलवली आणि ड्रिलचा घोडा दाबला. पांढरी पूड उडाली, मग एकदम हात हलका झाला आणि पातं आरपार गेलं. त्यांनी वाकून भोकातून पाहिलं. पलीकडे फरशीचा तुकडा आणि तुळशीच्या वृंदावनाचा पाया दिसत होता.

मग त्यात नळी बसली, नळीतून दांडा गेला, आणि पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीसमध्ये भिजवलेली सुताची दोरी ठासून भरली. सागवानाच्या बैठकीवर जुन्या पंपाचं एक सिलिंडरचं इंजिन चढलं. गुणवंतने ते पूर्ण उघडून पुन्हा जोडलं होतं. पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा गल्लीतली कुत्री भुंकत सुटली. तामस्करांनी उजव्या कानावरही हात ठेवला आणि ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण गुणवंतही हसायला लागला.

बरगीला जाऊन त्यांनी पुष्पाला गाठलं. उपकेंद्राच्या ओट्यावर ती रजिस्टर लिहीत बसली होती.

"बोट तयार आहे," ते म्हणाले. "सोमवार आणि गुरुवार तुमचे. बाकीचे दिवस बर्मनने सवारी न्यावी, पण सहा माणसांच्या वर नाही, आणि सगळ्यांना जॅकेट. सरपंचासमोर लिहून घेऊ."

पुष्पाने पेन बंद केलं. "घरची होती ना?"

"होती."

तिने रजिस्टर मिटलं. "मग घरचे?"

"त्यांचं तिकडे बरं चाललं आहे," तामस्कर म्हणाले. "मी डिसेंबरात जाणार आहे महिनाभर. तिचं गाणं आहे एक, क्लासचं. ते ऐकायला."

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी बोट पाण्यात उतरली. सकाळी बर्मन आणि तामस्कर दोघांनीच एक फेरी मारली. पन्नाशीतला तो कोळी पहिल्यांदा जरा संशयानेच बसला होता. मध्यावर जाऊन बोट वळवून आणल्यावर म्हणाला, "बैठी अच्छी है, दादा." इंजिनाच्या धडधडीत तामस्करांना ते त्याच्या ओठांवरून कळलं. त्यांनी वाकून बुडाला हात लावून पाहिला. कोरडं होतं.

दुपारी खरी फेरी होती. सकाळी पंचायतीच्या बैठकीत पुष्पाला उशीर झाला होता, म्हणून निघायला दीड वाजला. तामस्करही जाणार होते. पलीकडचा काठ त्यांना पाहायचा होता. ते नावेत चढून पुढच्या फळीवर बसलेही होते. पण काठावर माणसं वाढत गेली. पुष्पा आणि तिचा डबा. औषधांची खोकी घेऊन आलेली आशा कार्यकर्ती. जबलपुरात बाळंत होऊन गावी परतणारी एक मुलगी, कडेवर कपड्यात गुंडाळलेलं नऊ दिवसांचं मूल, आणि तिची सासू. मग सासूचा भाऊ, डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन. बर्मन इंजिनापाशी उभा राहून मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने तामस्करांकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तामस्करांनीही मोजलं. ते सातवे होते.

"मी उतरतो," ते म्हणाले.

"नाही नाही, तुम्ही बसा," पुष्पा घाईने म्हणाली. "मामा उद्या येतील."

"उद्या काहून? तांदूळ आहे त्यांच्याकडे." त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि ते पाण्यात उतरले. थंडगार होतं. त्यांनी मागच्या फळीला दोन्ही हात लावून नाव लोटली. बर्मनने हँडल मारलं, काळा धूर निघाला, आणि बाळंतिणीने मुलाच्या कानांवर पदर ओढला. पुष्पाने वळून काहीतरी ओरडून सांगितलं, पण ते ऐकू आलं नाही. तामस्करांनी समजल्यासारखा हात हलवला.

ते काठावर येऊन बसले. बोट लहान होत गेली, तसा आवाजही बारीक झाला. कान अधू असल्यामुळे तो नक्की केव्हा थांबला ते त्यांना सांगता आलं नसतं. पलीकडच्या हिरव्या पट्टीवर काही ठिपके हलले असावेत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

चार वाजता जबलपूरची मिनीबस काठाजवळच्या वळणावर येऊन थांबली. कंडक्टर दारातून ओरडत होता. मग तो उतरून थोडं खाली आला.

"दादा, जबलपुर चलना है? इसके बाद वाली छह बजे है. जगह मिले न मिले."

"नाव वापस येऊ दे," तामस्कर मराठीतच म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "आप निकलो, भैया. अपने लोग गए हैं उस पार."

कंडक्टरने मान डोलावली. बस गेली. तामस्करांनी ओल्या चपला काढून उन्हात दगडावर ठेवल्या आणि पाय लांब केले.